शहराचा तिसरा वाटा

घरपट्टीचं बिल आलं की आमच्या घरात ते खालून वाचतात. शेवटच्या ओळीतली रक्कम बघायची, सुस्कारा सोडायचा आणि फ्रीजवर चुंबकाखाली अडकवून द्यायचं. यंदा मी ते वरपासून वाचलं, त्याला कारण बंगळुरूची मावसबहीण. तिकडे घरपट्टीच्या दर शंभर रुपयांवर सहा रुपये ग्रंथालय उपकर आणि तीन रुपये भिक्षेकरी उपकर लागतो. पुस्तकांना भिकाऱ्यांच्या दुप्पट मिळतं म्हणून तिनं हसत फोन केला आणि विचारलं, “तुमच्याकडे किती घेतात रे?” मी बिल हातात घेतलं. शिक्षण कर सापडला, झाडांच्या नावाचाही सापडला. पुस्तकांच्या नावानं छदाम नाही.

पैसे वाचले म्हणून आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की अकरा लाखांच्या वर वस्तीच्या या शहरात सार्वजनिक वाचनालय म्हणून जे काही आहे, ते मग चालतं कुणाच्या पैशावर?

दुसरीकडे कुठे हा प्रश्न इतका टोचला नसता. नवी मुंबई आधी कागदावर वसली आणि मग जमिनीवर. १९६५ साली ‘मार्ग’ मासिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीच्या खाडीवर पूल झाला. गटार कुठून जाणार, शाळा कुठे, बाजार कुठे, स्मशान कुठे, सगळं माणसं यायच्या आधी ठरलेलं. पुण्याच्या पेठेत वाचनालय कसं आलं असं विचारलं, तर कुणीतरी एका वाड्याची आणि चार खटपट्या माणसांची गोष्ट सांगेल. इथे वाडा नाही, पेठ नाही. तरी माणसं होतीच. प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या ती पंचाण्णव गावं होती, आणि गावांत वाचनही होतं.

दिवाळे, करावे, शिरवणे, घणसोली या आगरी-कोळी गावांत श्रावणात पोथी लागते. देवळात नाहीतर कुणाच्या ओटीवर. पांडवप्रताप, भक्तिविजय, नवनाथ, ज्या वर्षी जे ठरेल ते. वाचणारा एक असतो आणि अर्थ सांगणारा दुसरा. पहिला ओवी म्हणतो, दुसरा तीच गोष्ट घरच्या बोलीत सांगतो, आणि त्यात भीम अगदी आपल्या आळीतला वाटायला लागतो. बायका मासळी विकून आलेल्या, पुरुष दिवसभर खाडीत नाहीतर कारखान्यात राबलेले. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही अध्याय चुकलेला चालत नाही. लाल कापडात बांधलेली ती पोथी शेजारच्या गावानं मागितली तर जाते आणि परत येते. एक प्रत, पन्नास-शंभर वाचक आणि शुल्क काही नाही. सार्वजनिक वाचनाचा मागोवा घेताना आपण सरळ साहेबाच्या लायब्ररीशी जाऊन उभे राहतो, म्हणून ही ओटी आधी सांगितली. पुढे इंग्रजी पाटीची गोष्ट सुरू होते, आणि त्या गोष्टीत ओटीवरच्या बायका फार उशिरा येतात.

रत्नागिरीला १८२८ मध्ये लायब्ररी निघाली. नगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, ठाणे १८५१, कल्याण १८६४. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पहिली पाटी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती. पुण्याच्या बुधवारवाड्यातली तर त्याच नावाची, आणि तिच्या उभारणीत लोकहितवादी होते. आज ती पुणे नगर वाचन मंदिर आहे. पाटीवरचा ‘नेटिव्ह’ शब्द उगाच नव्हता, साहेबांची सोय वेगळी होती. मुंबईत ज्या संस्थेला आपण आज एशियाटिक म्हणतो ती १८०४ साली सुरू झाली, आणि पहिला हिंदी सभासद तिला १८४० पर्यंत चालला नाही. तो मान माणकजी करसेटजी यांनी झगडून मिळवला.

या सगळ्या लायब्रऱ्या वर्गणीच्या. रुपया-आठ आणे महिन्याला देऊ शकणारे वकील, मामलेदार कचेरीतले कारकून, मास्तर असे सभासद, आणि कपाटात बहुतेक इंग्रजी पुस्तकं. ‘जनरल’ या शब्दाचा अर्थ तेवढाच. याच सुमाराला, म्हणजे १८५० मध्ये, खुद्द इंग्लंडात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावानं घरपट्टीवर पौंडामागे अर्धा पेनी लावावा आणि त्यातून फुकट वाचनालय चालवावं, अशी त्यात मुभा होती. कायदा इतका कंजूष, की त्या पैशातून इमारत बांधता येई, पण पुस्तकं घेता येत नसत. ती लोकांनी दान द्यायची. तरीही १८५२ मध्ये मँचेस्टरला कराच्या पैशावर मोफत वाचनालय उघडलं. बोटीतून आपल्याकडे लायब्ररीचं नाव आलं, कपाटं आली, नियमावली आली. अर्धा पेनी मात्र तिकडेच राहिला.

त्याची उणीव आपण दुसऱ्या गोष्टीनं भरून काढली: मंडळ. चार जणांनी जमायचं, घटना लिहायची, वर्गणी काढायची, पदाधिकाऱ्यांनी भांडायचं आणि तरी संस्था शंभर वर्षं टिकवायची, ही मराठी माणसाची खास हातोटी. तिचा सगळ्यात देखणा नमुना आमच्याच जिल्ह्यातला. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे त्याचे संस्थापक. भावे तेव्हा पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. नाव नीट वाचावं: लायब्ररी नाही, वाचनालयही नाही, संग्रहालय. मराठीत छापलेलं पुस्तक मिळेल तेवढं एका जागी जमवायचं, हा हेतू. इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाला टेकून बसलेल्या नेटिव्ह लायब्ररीपेक्षा हे वेगळंच बाळ होतं. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आलं, आणि पुढे त्याच्या शाखा मुंबईभर पसरल्या. वाशी, तुर्भे, ऐरोली ही गावं तेव्हाही ठाणे जिल्ह्यातच होती. पुस्तकांचा हा साठा त्यांच्यापासून एका खाडीकाठच्या वाटेवर होता. त्या वाटेनं तिकडे कोण गेलं असेल, याचा विचार केला की पुन्हा ओटीवरची पोथी आठवते.

आता बडोदा. नवी मुंबईच्या घरपट्टीच्या बिलाचं कोडं मला उलगडलं ते तिथे. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली वाचनालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला संस्थानात आणलं. तो तीन वर्षं राहिला. त्या काळात राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचे वर्ग निघाले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत फिरू लागली. पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसरी निघायची. पण माझा जीव जडला तो पैशाच्या हिशेबावर. गावात वाचनालय हवं असेल तर एक वाटा लोकांनी उभा करायचा, एक वाटा प्रांत पंचायतीनं म्हणजे तिथल्या स्थानिक कारभारानं द्यायचा आणि एक वाटा महाराजांच्या सरकारनं. तीन समान वाटे. लोकांची गरज सिद्ध होते, स्थानिक कारभाराला जबाबदारीतून निसटता येत नाही, आणि राज्यालाही नुसतं उद्घाटन करून चालत नाही. मराठी राजाच्या राज्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे गणित बसलेलं होतं.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात तोवर कुणी घाईत नव्हतं. १९३९ मध्ये सरकारनं असफ अली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका, पेटा, गाव अशी उतरंड सुचवली. अंमल सुरू व्हायला १९४७ उजाडलं. नव्या इमारती बांधण्यापेक्षा गावोगावची जुनी वाचनालयं हाताशी धरावीत आणि त्यांना अनुदान द्यावं, असा तो मार्ग होता. मधल्या काळात कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा करून टाकला. आपल्या देशातला असा पहिला कायदा तोच. चार वर्षांनी संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं.

मद्रासनं १९४८ मध्ये कायदा केला आणि ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांच्या आग्रहानं त्यात घरपट्टीवर उपकर घातला. म्हैसूरनं १९६५ मध्ये तेच केलं. माझी मावसबहीण भरते तो त्याचाच वारसा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू, आणि त्यात उपकर नाही. सरकार आपल्या तिजोरीतून पैसे देणार, लोकांनी संस्था काढून चालवायची, ग्रंथालय संचालनालयानं तपासणी करून अ, ब, क, ड असा दर्जा द्यायचा. म्हणजे बडोद्याच्या तीन वाट्यांतले दोन राहिले. लोकांचा राहिला, राज्याचा राहिला. मधला, गावाच्या किंवा शहराच्या कारभाराचा, गळून पडला. कुणी कट करून काढला असं नाही. मंडळं होतीच, ती चालवत होतीच. मग महापालिकेला कशाला त्रास द्या?

याचं चांगलंही सांगायला हवं. या पद्धतीमुळे महाराष्ट्रात बारा हजारांवर मान्यताप्राप्त वाचनालयं झाली, आणि त्यांतली बहुतेक गावांत आहेत. सरकारी खात्यानं स्वतः चालवायला घेतली असती, तर इतकी झाली असती का, शंका आहे. पण ही व्यवस्था जुन्या गावासाठी शिवलेला अंगरखा होती. कायद्याखालच्या नियमांत दर्जा ठरतो तो ठिकाणावरूनही: जिल्ह्याच्या ठिकाणचं, तालुक्याच्या ठिकाणचं, आणि ‘इतर’. अनुदान त्या उतरंडीनं कमी होत जातं. नवी मुंबई महापालिकेचा भाग येतो ठाणे तालुक्यात. जिल्ह्याचं ठिकाण ठाणे, तालुक्याचंही ठाणेच. तेव्हा दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचं हे अख्खं शहर ग्रंथालयांच्या वहीत ‘इतर’ आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं हजार वस्तीचं गाव आणि वाशी एकाच रकान्यात. गावाला त्याचा राग नाही, मलाही गावावर राग नाही, पण वाशीत महिन्याचं भाडं किती आणि त्या गावात किती, हे रकान्याला कळत नाही. त्यात २०१२ मध्ये सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली आणि नवी मान्यता, दर्जाबदल थांबले. तरुण शहराचा नेमका वाढीचा काळ त्यात गेला.

महापालिकेचं म्हणाल, तर ती आली १ जानेवारी १९९२ ला. ती ज्या कायद्यावर चालते तो १९४९ चा. त्यात दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतली कामं करावीच लागतात: पाणी, दिवे, कचरा, प्राथमिक शाळा. दुसरी, कलम ६६ ची, मर्जीची. ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय त्या दुसऱ्या यादीत, वनस्पती आणि प्राण्यांच्या संग्रहाच्या पंगतीला. या यादीचं नाव ऐच्छिक कर्तव्यं. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. ऐच्छिक असेल तर ते कर्तव्य कसलं, हे मी एका निवृत्त पालिका अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “कर्तव्य भाषणात, ऐच्छिक बजेटमध्ये.”

तर मग मधल्या काळात नवी मुंबईकर वाचत कुठे होता? आमच्या घरापुरतं सांगतो. वडील १९८४ साली वाशीत सिडकोच्या जेएन-टू वसाहतीत राहायला आले. नोकरी फोर्टात, आणि वाचनालयाचं सभासदत्व दादरचं, जुन्या बिऱ्हाडापासूनचं. ते त्यांनी सोडलं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की दादरला उतरायचं, पुस्तक बदलायचं, आणि पुलावरून येणाऱ्या बसमध्ये उभ्यानं शक्य तेवढं वाचायचं. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली, तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, “आता पुस्तक भिजणार नाही.” नवं शहर बराच काळ असंच दुसऱ्याच्या कपाटावर वाचत होतं. खाडीच्या या बाजूला घर, त्या बाजूला पुस्तक.

मग सेक्टरच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यांतल्या खासगी लायब्रऱ्या आल्या. आमच्याजवळची दहा बाय बाराची होती. पन्नास रुपये अनामत, महिन्याची फी वेगळी. पुस्तकांना खाकी कव्हर, पाठीवर स्केचपेननं नंबर, त्यामुळे सगळी कपाटं एकाच रंगाची. नाव दिसायचं नाही, मालकीणबाईंच्या डोक्यात मात्र सगळं होतं. “ते मागच्या खेपेला नेलंत की, शेवट आवडला नव्हता तुम्हाला.” रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, कधी कधी चुकीचं. ऑक्टोबरात दिवाळी अंकांची योजना निघायची. एकदा पैसे भरायचे आणि संक्रांत उलटेपर्यंत येतील तेवढे अंक वाचायचे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा शंभर वर्षांनी त्यावर गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. त्या गाळ्यात आज मोबाइलची कव्हरं मिळतात. पुस्तकं किलोवर गेली. मी त्यातली नऊ उचलली.

मंडळंही आली, येणारच. सिडकोनं सामाजिक कामासाठी भूखंड ठेवले होते, आणि त्यांवर ज्याची त्याची भवनं उभी राहिली. वाशी स्टेशनाजवळ राज्याराज्यांच्या अतिथीभवनांची रांगच आहे. मराठीच्या वाट्याला सेक्टर ६ मधलं साहित्य मंदिर आलं, वाशीच्या मराठी साहित्य, संस्कृती आणि कला मंडळाचं. व्याख्यान, कविसंमेलन, नाटकाची तालीम असं तिथे काही ना काही चालू असतं. अशा वास्तूंचं अर्थशास्त्र महाराष्ट्रभर सारखंच: सभागृह भाड्यानं द्यायचं आणि त्या पैशावर वाङ्मय जगवायचं. लग्नाच्या जेवणावळीवर पुस्तकं पोसली गेली, याबद्दल कुणी नाक मुरडू नये. घरपट्टीनं पोसली नाहीत, म्हणून जिलबीनं पोसली.

महापालिकेनं ऐच्छिक यादीतलं जे केलं, त्यात सगळ्यात मोठं काम ऐरोलीचं. सेक्टर १५ मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक २०२१ च्या डिसेंबरात खुलं झालं, आणि त्यात ग्रंथालयाला मोठी जागा आहे. ज्या माणसानं दादरला राजगृह बांधताना आपल्या पुस्तकांचा विचार आधी केला, त्याच्या नावाला हे शोभतं. तिथे मी अनेकदा गेलो आहे. दुपारच्या वेळी शाळेच्या गणवेशातली मुलं जिना चढताना दिसतात. शहरानं आपणहून दिलेला वाटा दिसतो कसा, हे बघायचं असेल तर तिथे जावं. मात्र दिघ्याच्या झोपडपट्टीतल्या मुलीला, नेरुळच्या आजोबांना आणि कोपरखैरण्याच्या माथाडी कामगाराला रोज ऐरोली गाठता येत नाही. वाचनालय पायी जाण्याच्या अंतरावर लागतं, दुधाच्या केंद्रासारखं.

वॉर्डावॉर्डात जे उघडतं आहे, त्याच्या पाटीवर नवा शब्द आलाय: अभ्यासिका. लायब्ररी, वाचनालय, ग्रंथसंग्रहालय, वाचन मंदिर, ग्रंथालय, आणि आता हा. यात पुस्तकाचा उल्लेखच नाही. माणसाला बसायला जागा हवी, पंखा हवा, शांतता हवी आणि प्लग हवा. पुस्तक तो स्वतःचं घेऊन येतो. साडेतीनशे चौरस फुटांत पाच माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलाला ही जागा म्हणजे काय आहे, हे मला कळतं, आणि म्हणून या शब्दाची चेष्टा करायला जीभ रेटत नाही.

परवा अशाच एका अभ्यासिकेत गेलो. दाराशी वर्तमानपत्रांचं उतरतं लाकडी स्टँड, तिथे तीन ज्येष्ठ नागरिक एका ‘लोकसत्ते’ची पानं वाटून घेऊन उभ्यानं वाचत होते. आत चाळीसेक मुलं-मुली, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, ठळक रेघा मारलेलं लक्ष्मीकांतांचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आणि कानात बोळे. टेबलावरच्या रजिस्टरात नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ असे रकाने होते. चौथ्या रकान्यावर ‘ग्रंथ दाखल क्रमांक’ असं छापलेलं. मी पाच-सहा पानं मागे गेलो, तो रकाना कोरा.

भिंतीशी काचेची दोन कपाटं होती. मी एका कादंबरीचं नाव सांगितलं. शिपाई थोडा गोंधळला, मग किल्ली शोधायला गेला. पहिल्या जुडग्यात नव्हती. दुसऱ्या जुडग्यातली लागली, पण दार फुगलं होतं, त्यानं गुडघा लावून ओढलं. त्या आवाजानं चाळीस माना वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या. पुस्तक होतं. शिक्का होता, दाखल क्रमांक होता, मागच्या पानावर चिकटवलेल्या परतीच्या कागदावर एकही तारीख नव्हती.

“घरी नाही नेता येणार,” तो म्हणाला. “इथंच वाचा. पण बसायला जागा आहे का बघा आधी.”

प्लगजवळच्या एका मुलीनं बॅग मांडीवर घेतली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. मी रजिस्टरात नाव लिहिलं, आल्याची वेळ लिहिली आणि चौथ्या रकान्यात आकडा घातला.